हिरकणीची उतरण : मराठी ऐतिहासिक चित्रपट आणि साक्षीचा प्रश्न

१८९६ हे वर्ष मराठी सांस्कृतिक इतिहासात दोन वेगवेगळ्या कारणांसाठी नोंदले गेले आहे. त्या वर्षी लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर शिवोत्सव साजरा झाला, आणि त्याच वर्षी ७ जुलै रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. या दोन घटना सहसा एकत्र वाचल्या जात नाहीत. एक राजकीय जागृतीच्या इतिहासात जाते, दुसरी करमणुकीच्या. पण पुढच्या पंचवीस वर्षांत त्यांच्यातील अंतर झपाट्याने कमी झाले. १९२० साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' पाहून टिळकांनी बाबुराव पेंटरांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी पेंटरांनी 'सिंहगड' पडद्यावर आणला. उत्सवाने गडाला राष्ट्रीय स्मृतीचे स्थान दिले होते. चित्रपटाने ती स्मृती डोळ्यांना दिसेल अशी केली. मराठी ऐतिहासिक चित्रपट हा रूपबंध या दोहोंच्या संयोगातून सिद्ध झाला असे म्हणता येते.

या रूपबंधाने कोणते प्रसंग उचलले आणि कोणते शंभर वर्षे बाजूला ठेवले, याचा विचार मात्र पुरेसा झालेला नाही. महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्यातील दोन डोंगराळ तालुके या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहेत. पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. त्यांची समाधी तेथे आहे. महाड तालुक्यात रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी आहे. एका गावाशी कडा चढून जाण्याची कथा जोडलेली आहे, दुसऱ्याशी कडा उतरून येण्याची. चढण्याची कथा पडद्यावर १९२३ सालीच आली. 'हिरकणी' हे नाव धारण करून तिलाच नायिका करणारा आणि महाराष्ट्रभर पोहोचलेला चित्रपट २०१९ साली आला. मधल्या काळात एखाद्या पटात प्रसंगापुरती ती कोठे येऊन गेली असेलही. प्रश्न मध्यवर्ती स्थानाचा आहे. या शहाण्णव वर्षांच्या अंतराचे स्पष्टीकरण कसे द्यावयाचे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

कथा सर्वपरिचित आहे. गडाखालच्या वस्तीतील हिरकणी नावाची गवळण दूध विकण्यासाठी रायगडावर जात असे. एके दिवशी तिला उशीर झाला. सूर्यास्ताबरोबर दरवाजे बंद झाले, आणि पहारेकऱ्यांनी नियमावर बोट ठेवले. घरी तान्हे मूल होते. तिने एका बाजूने कडा उतरून घर गाठले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गडावर आली, तेव्हा दरवाजे बंद असताना ही बाहेर गेली कशी, असा प्रश्न पडला. महाराजांसमोर तिला उभे करण्यात आले, खरी हकीकत कळली, तिचा सन्मान झाला आणि ती उतरली त्या जागी बुरूज बांधण्यात आला. पुष्कळ कथनांत ही रात्र कोजागिरीची असते. हा तपशील शोभेचा नाही. कोजागिरीला आटीव दुधाची मागणी वाढणार आणि गवळण गडाच्या पेठेत रेंगाळणार, हे त्यातून आपोआप सिद्ध होते. दंतकथाही आपला व्यवहार असा चोख ठेवतात. इतिहासकार या कथेला दंतकथाच मानतात आणि तसे मानणे योग्य आहे. तिचा एकमेव पुरावा म्हणजे पश्चिम अंगाला उभा असलेला हिरकणी बुरूज आणि पायथ्याच्या वाडीचे नाव.

मौखिक रूपातील या कथेच्या बांधणीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. जो प्रसंग तिचा गाभा म्हणून आपण समजतो, तो कथेत जवळजवळ सांगितलेलाच नसतो. 'ती कडा उतरून गेली' या एका वाक्यात उतरण संपते. कथनाचा सारा भर आधीच्या दरवाजावर आणि नंतरच्या दरबारावर असतो. उतरण कोणी पाहिलेली नाही. पहारेकरी दरवाजाशी होते, राजा वाड्यात होता, मूल पाळण्यात होते. कळते ते दुसऱ्या दिवशी, तिच्या अंगावरच्या ओरखड्यांवरून आणि ती ज्या बाजूला असायला नको त्या बाजूला उभी राहिल्यामुळे. म्हणजे ही साक्षीदाराविना घडलेल्या कृत्याची कथा आहे. राजाला कृत्य दिसत नाही, त्याला त्याचे अनुमान करावे लागते. बुरूज हा त्या अनुमानावर उठवलेला शिक्का होय.

बुरुजाचा अर्थही दुहेरी आहे. तो गौरवाचे स्मारक आहे, तसाच तो बंदोबस्तही आहे. जेथे कडा तासलेला आहे तेथे तटाची गरज नसते. जेथून बाई उतरू शकते तेथून शत्रू चढू शकतो. तिच्या पराक्रमाने गडाचा एक दोष उघड केला आणि सन्मान म्हणून तो दोष बुजवण्यात आला. आता तिच्या मागून त्या वाटेने कोणालाच जाता येणार नाही. रायगडाविषयीच परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका कथेत हीच रचना आढळते. गड बांधून झाल्यावर, ठरलेल्या वाटेशिवाय जो वर चढून निशाण लावील त्याला सोन्याचे कडे आणि द्रव्य देण्याचे महाराजांनी जाहीर केले. एका महाराने ते करून दाखवले. त्याला बक्षीस मिळाले आणि ती वाट बंद करण्यात आली. दोन्ही कथांत गडाची खरी परीक्षा राजमंडळाबाहेरचे, श्रमाने डोंगर ओळखणारे माणूस घेते. फरक इतकाच की हिरकणीचे नाव राहिले आणि निशाण लावणारा निनावी राहिला. लोकस्मृतीही नावे वाटताना समदृष्टी नसते.

तानाजीच्या चढणीचे तसे नाही. तिला प्रारंभापासून साक्षीदार आहेत: बरोबरचे मावळे, शेलारमामा, समोर उदेभान, मागे वाट पाहणारा राजा. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यापासून तो प्रसंग श्रोत्यांसमोर उभा करण्याची परंपरा आहे, आणि हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' (१९०३) या कादंबरीने तिला गद्याची घडण दिली. पेंटरांचा 'सिंहगड' या कादंबरीवर आधारलेला होता. त्यात शेलारमामाची भूमिका करणाऱ्या शांतारामांनी दहा वर्षांनी, १९३३ साली, प्रभातसाठी बोलका 'सिंहगड' दिग्दर्शित केला. प्रभातच्याच 'उदयकाल' (१९३०) या मूकपटाचे मूळ नाव 'स्वराज्याचे तोरण' होते. सेन्सॉरने ते बदलायला लावले. परक्या सरकारला पडद्यावरच्या शिवकालाची भीती वाटत होती, याहून या चित्रप्रकाराच्या सामर्थ्याची वेगळी पावती कोणती हवी? पुढे भालजी पेंढारकरांनी 'बहिर्जी नाईक', 'छत्रपती शिवाजी', 'पावनखिंड', 'मराठा तितुका मेळवावा' अशा पटांतून या प्रकाराचे व्याकरण पक्के केले. दरबार, शपथ, खलबत, निरोप, युद्ध, बलिदान हे त्याचे घटक; घोषात्मक संवाद ही त्याची भाषा. बोलपटाने ऐतिहासिक पटाला संवाद दिले आणि त्याच क्षणी त्याला मुक्या कृतीचा विसर पडू लागला.

आता हिरकणीला या व्याकरणात बसवून पाहावे. तिला प्रतिस्पर्धी नाही. तिच्यासोबत कोणी नाही. तिच्या तोंडी घालण्यासारखी घोषणा नाही, कारण ऐकायला कोणीही नाही. स्वराज्यासाठी तिने काही केले असेही म्हणता येत नाही. काटेकोर पाहिले तर तिने स्वराज्याचा एक नियम मोडला. नियम योग्य होता हेही कथा नाकारत नाही. पहारेकरी दुष्ट नाहीत, ते आपले काम चोख करीत आहेत. राज्याचा योग्य नियम आणि मुलाची भूक यांतील विरोध येथे आहे, आणि दोहोंपैकी कोणीही खलपुरुष नाही. ऐतिहासिक पटाला असा पेच पेलणे कठीण गेले, हे तिच्या दीर्घ अनुपस्थितीचे मुख्य कारण मानावे लागते. गंमत अशी की मूकपटाला ती सर्वाधिक मानवली असती. शब्दाविना एक देह आणि एक कडा एवढीच तिची सामग्री आहे. पण मूकपटांचा काळ पौराणिक चमत्कारांचा आणि लढायांचा होता. शिवाय आरंभी पडद्यावर स्त्री मिळणेच दुरापास्त होते. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मधील तारामती साळुंके या पुरुष नटाने केली होती. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या मायलेकी आल्या, आणि 'सैरंध्री'त भूमिका करणाऱ्या दोन स्त्रियांना नवी नावे घेऊन पडद्यावर यावे लागले. ज्या समाजात बाईने पडद्यावर चेहरा दाखवणे हेच धाडस होते, तेथे बाईने रात्री एकटीने कडा उतरणे दाखवायला कोण धजावणार?

श्रम करणारी, संतापणारी, मुलासाठी कोणत्याही सत्तेसमोर उभी राहणारी आई मराठी पडद्यावर आली ती ऐतिहासिक पटाच्या दारातून आली नाही. ती संतपटातून आली. 'संत तुकाराम' (१९३६) मध्ये गौरी या अभिनेत्रीने उभी केलेली जिजाई म्हैस सांभाळते, चूल पेटवते, आजारी पोराला घेऊन देवळात जाते आणि पायातली वहाण उगारून विठ्ठलाला जाब विचारते. तुकारामाच्या भक्तीला चमत्कारांचा आधार आहे; जिजाईला फक्त तिचा देह आणि तिची जीभ. या चित्रपटाचे व्हेनिसच्या महोत्सवात कौतुक झाले त्यात तुकारामाचा वाटा मोठा असला, तरी आज तो पाहताना टिकून राहते ती जिजाई, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये. नंतर 'श्यामची आई' (१९५३) मध्ये आचार्य अत्र्यांनी आईला संस्कारांची अधिष्ठात्री केले आणि त्या पटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. येथे एक सूक्ष्म बदल झाला. जिजाईची आई ही कृती होती, श्यामची आई ही शिकवण झाली. मराठी मध्यमवर्गाने मातृत्वाची जी प्रतिमा पुढे जपली ती दुसऱ्या वळणाची आहे, आणि हिरकणीही शाळेच्या पुस्तकांतून आणि मुलांच्या गोष्टींतून याच वळणाने वाचली गेली. 'आईच्या प्रेमाला सीमा नसते' एवढेच तिच्यातून घ्यायचे, असा रिवाज पडला. तिचा धंदा, तिचा उशीर, तिने मोडलेला नियम हे सारे मागे पडले.

२०१९ च्या दिवाळीत आलेल्या प्रसाद ओक दिग्दर्शित 'हिरकणी'चा विचार या दोन परंपरांच्या संगमावर करावा लागतो. पटकथा चिन्मय मांडलेकरांची, नायिका सोनाली कुलकर्णी. ऐतिहासिक पटाचे कर्ज त्यात उघड दिसते: राज्याभिषेकाचे वैभव गाणारे, निरनिराळ्या लोककलाप्रकारांना एकत्र गुंफणारे दीर्घ गीत हा त्याचा पुरावा. ते प्रेक्षणीय आहे, पण कथेच्या दृष्टीने तो उसना दागिना आहे. हिरकणीला प्रतिष्ठा मिळावी म्हणून तिला आधी सिंहासनाच्या प्रकाशात उभे करावे लागते. खरा बदल मात्र पुढे आहे. मौखिक कथेत एका वाक्यात संपणारी उतरण येथे उत्कर्षबिंदू होते. रात्र, रान, श्वापदे, निसटणारा हात, खाली रडणारे मूल. ज्याला साक्षीदार नव्हता त्याला आता शेकडो साक्षीदार मिळतात, आणि ते अंधारात बसलेले असतात.

या बदलाची बाजू दोन्हीकडून मांडता येते. लाभ असा की बाईच्या देहाला कथेत प्रथमच जागा मिळाली. 'उतरली' हे क्रियापद किती महाग आहे हे पडद्याने दाखवले. सन्मान, साडीचोळी आणि बुरूज यांच्याखाली दबलेले श्रम वर आले, आणि जिजाईच्या म्हशीनंतर बऱ्याच काळाने मराठी प्रेक्षकाने एका गवळ्याच्या घरातील बाईचे अंग घामाने निथळताना पाहिले. तोटा असा की पाहिलेल्या गोष्टीचे अनुमान करावे लागत नाही. कथेतला राजा ओरखड्यांवरून तिची रात्र वाचतो. त्याचे शहाणपण त्या वाचनात आहे. प्रेक्षकाने सगळे आधीच पाहिलेले असल्यामुळे दरबाराचा प्रसंग त्याच्यासाठी केवळ बक्षीससमारंभ उरतो. शिवाय कड्यावर संकटे भरण्यासाठी पडद्याला श्वापदे लागतात, आणि संगणकाने घडवलेले श्वापद समोर आले की कडा मागे सरतो. प्रत्यक्ष कडा पुरेसा भयंकर आहे, एवढा विश्वास आजच्या तंत्राला वाटत नाही.

त्याच हंगामात आणि पुढच्या काही महिन्यांत घडलेल्या घटना हा विचार अधिक ठळक करतात. 'हिरकणी' आणि 'हाउसफुल ४' हा हिंदी चित्रपट एकाच दिवाळीत आले, आणि बहुपडदा चित्रपटगृहांत मराठी चित्रपटाला पुरेसे खेळ मिळत नाहीत यावरून वाद झाला. त्यात राजकीय पक्षालाही उतरावे लागले. दरवाजे वेळेवर बंद करणारी व्यवस्था बदलली होती, इतकेच. पुढे जानेवारी २०२० मध्ये ओम राऊत दिग्दर्शित 'तान्हाजी' हिंदीत आला आणि उमरठच्या कथेला देशभराचा प्रेक्षक मिळाला. १९२३ मध्ये मूक, १९३३ मध्ये मराठीत बोलकी, २०२० मध्ये हिंदीत आणि संगणकीय दृश्यांसह: चढणीच्या कथेने दर वेळी नवे तंत्र आणि अधिक मोठा बाजार मिळवला. उतरणीची कथा मराठीतच राहिली. घरी परतणाऱ्या माणसाला अखिल भारतीय बाजारात किंमत कमी असते.

याच महाड शहरात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्यावर हजारो माणसे पाणी प्यायला गेली. या घटनेला दंतकथेची गरज नाही. तिचा सारा वृत्तांत कागदोपत्री आहे. जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००) मध्ये ती पडद्यावर आहे. पण मराठीत 'ऐतिहासिक चित्रपट' म्हटले की त्या यादीत हा पट सहसा घेतला जात नाही. त्याला 'चरित्रपट' म्हणतात. इतिहास हा शब्द आपल्या चित्रसमीक्षेने तलवारीच्या काळापुरता राखून ठेवला आहे. अवघ्या काही कोसांच्या परिसरात एक कृत्य पुराव्याविना 'ऐतिहासिक' ठरते आणि दुसरे सर्व पुराव्यांनिशी त्या नावाबाहेर राहते, याचा हिशेब चित्रप्रकारांच्या वर्गीकरणाला द्यावा लागेल. हिरकणीला तिच्या कोंदणातून काढून नियम, वाट आणि बंदी यांच्या संदर्भात वाचले, तर ती चवदार तळ्याच्या वाटेपासून फार दूर राहत नाही. निशाण लावून निनावी राहिलेला तो महार तर या दोहोंच्या मध्येच उभा आहे.

हिरकणी हे नाव आज विशेषनाम राहिलेले नाही. मुळात मराठीत हिरकणी म्हणजे हिऱ्याची कणी, आणि जुन्या गोष्टींत ती खाऊन जीव देतात. मृत्यूच्या त्या कणीचे मुलाला जगवणाऱ्या बाईच्या नावात रूपांतर व्हावे, ही भाषेची एक विलक्षण करामत आहे. चित्रपट येण्याच्या कितीतरी आधी ते नाव राज्य परिवहनाच्या निमआराम गाड्यांवर रंगवले गेले होते, आणि तान्ह्या मुलांच्या मातांसाठी बसस्थानकांत 'हिरकणी कक्ष' उघडले होते. चित्रपटाने हे नाव प्रसिद्ध केले असे म्हणणे चुकीचे आहे. प्रसिद्ध नावावर चित्रपट उभा राहिला. कक्षाच्या कल्पनेत मात्र एक समजूत दडलेली आहे जी चित्रपटात नाही: कामासाठी बाहेर पडलेल्या बाईला कडा उतरावा लागू नये म्हणून जागा करून देणे हे व्यवस्थेचे काम आहे. दंतकथेतील राजाने वाट बुजवली, कक्षाने निदान एक दार उघडले. लोकव्यवहाराने दंतकथेचे केलेले हे वाचन पटकथेपेक्षा चिकित्सक आहे.

१९९६ साली रायगडावर रज्जुमार्ग सुरू झाला. त्याचे खालचे स्थानक हिरकणीवाडीत आहे. तेव्हापासून गडावर येणाऱ्यांपैकी अनेकांचा प्रवास तिच्या घराच्या दारातून सुरू होतो आणि तेथेच संपतो. पाळणा काही मिनिटांत वर पोहोचतो. खाली दरी, समोर कातळ, हातात छायाचित्र घेण्याचे यंत्र. वर गेल्यावर माणसे बुरुजाकडे जातात, काठावरून वाकून पाहतात आणि येथून कशी उतरली असेल असे एकमेकांना विचारतात. चित्रपट पाहिलेला असला तरी तोच प्रश्न विचारतात. मग परतीच्या पाळण्याची वेळ होते आणि ती सगळी कड्याला हातही न लावता वाडीत उतरतात.